टेकवा म्हणणारे भाऊजी

बहिणीचा नवरा विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गात येऊन बसावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली. पहिल्या बाकावर, पाय ऐसपैस पसरून, माझ्याच ताईने भरून दिलेली पाण्याची बाटली मांडीवर घेऊन भाऊजी बसले, आणि मी फळ्याकडे वळतोय तोच म्हणाले, "सर, तू आधी तो पंखा सुरू कर. काय उकडतंय इथे!"

मागे बसलेले सगळे फोरमन फिदीफिदी हसले. एकाच वाक्यात 'सर' आणि 'तू' हा मान मला त्याआधी कुणी दिला नव्हता आणि त्यानंतरही दिला नाही. भाऊजींच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. वर्गात मी सर, बाहेर मी धाकटा मेव्हणा. दोन्ही नाती सांभाळायची तर असंच बोलायला हवं, यात हसण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा.

मी तेल कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवतो. माझा विषय रॉड पंप. तेलाच्या विहिरीवर ते डोकं खाली-वर करत राहणारं अवजड यंत्र तुम्ही चित्रात तरी पाहिलं असेल. त्या डोक्याला एक लांबलचक दोर बांधलाय असं समजा, फक्त दोराच्या जागी एकाला एक जोडलेले लोखंडी रॉड, थेट जमिनीच्या पोटात गेलेले. त्यांच्या शेवटच्या टोकाला छोटा पंप. वरचं डोकं उठलं की रॉड उठतात, रॉड उठले की पंप तेल उचलतो. कुठल्या विहिरीला किती जाडीचे रॉड लावायचे, यंत्र किती वेगाने चालवायचं, आणि बिघडलं तर जमिनीखाली न डोकावता काय बिघडलंय ते कसं ओळखायचं, एवढंच मी शिकवतो. 'एवढंच' हा शब्द माझा नाही, भाऊजींचा आहे. ताईच्या घरी जेवायला बसलो की ते विचारायचे, "तू शिकवतोस काय रे नक्की? एवढंच? आणि याचा पगार देतात?"

आता भाऊजी कसे ते सांगतो. धिप्पाड देह, खणखणीत आवाज, आणि समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तयार असलेलं उत्तर. बिघडलेल्या वस्तूवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, धपका. ताईच्या घरात अशी एकही वस्तू नव्हती जिने भाऊजींचा धपका खाल्ला नव्हता. फ्रिज खायचा, टीव्ही खायचा, पाणी तापवायचा बंब खायचा. आणि माझं डोकं फिरायचं ते यासाठी की त्या वस्तू चालू व्हायच्या! एकदा इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली. आत भाऊजी आणि मी. मी शहाण्यासारखं घंटेचं बटण दाबून उभा राहिलो. भाऊजींनी लिफ्टच्या भिंतीला अशी काही लाथ हाणली की लिफ्ट चालू झाली. वर पोचल्यावर ताईला सांगतात कसे, "तुझा भाऊ शिकलेला आहे हो, घंटी फार छान वाजवतो."

भाऊजी आमच्याच कंपनीत विहिरींवरचे फोरमन. तिथेही हेच औषध. त्यांच्या गँगमध्ये त्याला 'टेकवा' म्हणत. पंपाच्या आत एक व्हॉल्व्ह असतो. वाळूने किंवा गॅसने तो अडकला की तेल येईनासं होतं. मग सगळे रॉड थोडे खाली सोडायचे, म्हणजे पंप प्रत्येक फेरीला तळाला जाऊन टेकतो. ठक! त्या दणक्याने व्हॉल्व्ह सुटतो. यात वावगं काही नाही. दोनचार ठोके द्यावेत, व्हॉल्व्ह सुटला की रॉड परत वर घ्यावेत, झालं. पण भाऊजी रॉड परत वर घेतच नसत. "चालतंय ना? मग चालत्या गाड्याला हात कशाला लावायचा?" असं म्हणून पुढच्या विहिरीकडे निघायचे. मागे ती बिचारी विहीर रात्रंदिवस ठक, ठक, ठक.

आणि रॉड तुटायचे. रॉड तुटला की रॉडांची सगळी माळ वर खेचून काढायची, तुटका बदलायचा, परत सगळं खाली सोडायचं. त्या कामाला सुट्टी कळत नाही की सणवार. भाऊजींच्या गँगचे रॉड सगळ्यांत जास्त तुटायचे, आणि त्याचं खापर फुटायचं स्टोअरकीपरच्या डोक्यावर.

हा स्टोअरकीपर म्हणजे अगदी किडकिडीत, हळू बोलणारा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा गृहस्थ. कंपनीचा नियम असा की तुटका रॉड जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. त्यामुळे दर वेळी भाऊजी तुटका तुकडा खांद्यावरून आणणार, स्टोअरच्या खिडकीत धाडकन आपटणार आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडणार, "हे घ्या तुमचं सोनं! सडका माल देता आणि मरतो आम्ही!" स्टोअरकीपर चष्मा लावून तुकडा निरखायचा, म्हणायचा, "माल चांगला आहे हो फोरमन," आणि नवा रॉड काढून द्यायचा. वर्षानुवर्षं हेच. दोघांनी एकमेकांशी याशिवाय दुसरं वाक्य बोललेलं कुणाला आठवत नव्हतं.

अशात हेड ऑफिसचा हुकूम आला. प्रत्येक फोरमनने रॉड पंपाचा कोर्स करायचा. जो नापास होईल त्याला विहिरीवर पाऊल टाकता येणार नाही. त्याची रवानगी स्टोअरमध्ये, खिडकीमागे, हातमोजे आणि नटबोल्ट मोजायला. म्हणजे भाऊजी नापास झाले तर त्याच स्टोअरकीपरच्या हाताखाली! आवारात नुसता हशा पिकला. कुणी म्हणालं, आता खिडकीच्या दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. माझं मात्र धाबं दणाणलं, कारण परीक्षक मीच. मी साहेबांना म्हटलं, माझं नातं आहे, दुसरा कुणी द्या. साहेब म्हणाले, "दुसरा कुठून आणू? आणि नातं आहे म्हणूनच तू जास्त कडक वागशील, मला खात्री आहे." साहेबांनी माझी ताई पाहिलेली नव्हती.

ताई त्याच संध्याकाळी माझ्या घरी हजर. मला वाटलं, पदर पसरून म्हणणार, सांभाळून घे रे माझ्या कुंकवाला. छे! चप्पल काढायच्या आधी म्हणते, "नापास कर त्यांना."

"काय?"

"नापास कर म्हटलं. सरळ भोपळा दे. स्टोअरमध्ये बसतील, वेळेवर येतील, वेळेवर जेवतील. मला वीट आलाय रे! जरा कुठे पानावर बसले की फोन. रॉड तुटला. की निघाले. तुझ्या लग्नात पहिली पंगत बसायच्या आत गेले. पोरीचं शाळेतलं नाटक, पडदा वर जायच्या आत गेले. मी ताट झाकून ठेवायचं आणि खिडकीत उभं राहायचं. त्यांचा खांदा बघितलायस? रात्री कूस बदलता येत नाही त्यांना. तुला बहिणीची माया असेल तर नापास कर."

मी म्हटलं, जसा पेपर तसे गुण. ताई म्हणाली, "शिक्षक झालास म्हणून फार शेफारू नकोस, लहानपणी तुझं नाक मी पुसलंय," आणि चहा न घेता गेली.

नापास करायला खास कष्ट पडणार नव्हते, हे दोनचार दिवसांतच दिसलं. जमिनीखालचं दुखणं आम्ही कार्डावरून ओळखतो. कार्ड म्हणजे रॉडवर फेरीभर भार कसा चढतो-उतरतो त्याची कागदावर काढलेली आकृती. पंप धड असेल तर आकृती भरीव, गॅस असेल तर एक कोपरा खाल्लेला, रॉड तुटला असेल तर पार चपटी. मी एकेक कार्ड भिंतीवर दाखवून विचारायचो, "काय झालंय, आणि काय कराल?" भाऊजी हात वर न करता ओरडायचे, "टेकवा!" पंप अर्धा रिकामा, टेकवा. नळीला भोक, टेकवा. शेवटी मी मुद्दाम एका ठणठणीत विहिरीचं कार्ड दाखवलं.

"हिला काय झालंय भाऊजी?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "आज काही नाही. पण टेकवून ठेवलेली बरी."

पहिल्या चाचणीत मी त्यांना शून्य दिलं. कागद हातात घेऊन ते गोरेमोरे झाले आणि हळूच म्हणाले, "सर, तू माझ्या घरी जेवतोस."

त्यांच्या डोक्यात खरं काही शिरलं असेल तर ते रॉडच्या आखणीच्या तासाला. रॉड वर जाड आणि खाली बारीक का लावतात, हा प्रश्न होता. भाऊजी म्हणाले, "बारीक स्वस्त पडतात म्हणून." सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, एकीखाली एक सुतळीने बांधल्या आणि ती माळ खिडकीच्या गजाला टांगली. विचारलं, "कुठली गाठ आधी सुटेल?" भाऊजी उठले, माळेच्या अगदी जवळ गेले, वरून खाली निरखलं. "वरची. खालच्या सगळ्यांचं ओझं तिच्यावर आहे. सगळ्यांत खालची काय, एकीचंच ओझं उचलते, मजेत आहे ती." मी म्हणतोय, "शाब्बास!" तोच वरची गाठ सुटली आणि अख्खी माळ भाऊजींच्या पायावर कोसळली. वर्ग पोट धरधरून हसला. भाऊजी लंगडत जागेवर गेले, पण त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्यांना काही लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळे गेल्यावर मी वर्गाला कुलूप लावायला आलो, तर भाऊजी एकटेच बसलेले. समोर कार्डं पसरलेली. मला पाहून आवरायला लागले.

"राहू द्या," मी म्हटलं. "काही अडलंय का?"

"सगळंच अडलंय." मग म्हणाले, "हे बघ, मला त्या खिडकीमागे बसवू नकोस रे. मी मरेन तिथे. मला दुसरं काही येत नाही. विहिरीवर गेलो की मी कुणीतरी असतो. त्याच्यासमोर नटबोल्ट मोजत बसायचं म्हणजे..." एवढा दांडगा माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं. "पण खोटं पासही करू नकोस. तसं केलंस तर तुझ्या घराची पायरी चढणार नाही."

बायको एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये मी. मी नुसता कुलूप हातात घेऊन उभा राहिलो.

परीक्षा मी दरवर्षी स्टोअरच्या मागच्या आवारात घेतो. विहिरी निरनिराळ्या, पण सगळ्यांचे तुटके रॉड तिथेच साठवलेले, एकेका विहिरीचा वेगळा ढीग. चिठ्ठी उचलायची, जो ढीग येईल त्याच्यापुढे उभं राहायचं आणि हे रॉड का तुटले ते सांगायचं. कारण बरोबर निघालं तर पास, नाही तर खिडकी. आवाराच्या किल्ल्या स्टोअरकीपरकडे, त्यामुळे तो पूर्ण वेळ हजर. त्या दिवशी तर त्याने स्वतःसाठी खुर्ची आणून ठेवली होती.

भाऊजींनी चिठ्ठी उचलली, आणि निघाली त्यांच्याच गँगची विहीर. आवारातला सगळ्यांत मोठा ढीग. सगळी गँग कुंपणापाशी जमलेली. देवाशप्पथ सांगतो, चिठ्ठीत मी काही केलं नव्हतं. ताईचा अजूनही यावर विश्वास नाही.

"बोला," मी म्हटलं. "का तुटले?"

"सडका माल!" भाऊजी गरजले. गँगने टाळ्या पिटल्या. स्टोअरकीपर खुर्चीतून अर्धा उठला, "माल चांगला आहे हो फोरमन," म्हणाला आणि पुन्हा बसला.

"हे उत्तर लिहून घेऊ का?" मी विचारलं. हे लिहिलं की संपलं.

भाऊजींनी तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, मिटलं. ढिगाकडे वळले. एक तुकडा उचलला. बारीक रॉड. दुसरा उचलला. बारीक. तिसरा, चौथा, सगळे बारीक.

"यात जाड एकही नाही," ते स्वतःशीच बोलले. "सगळे खालचेच आहेत." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, ओझं तर वरच्यावर असतं. माल सडका असता तर आधी वरचे तुटले असते. बाटल्यांसारखे. खालचे तर मजेत असतात. मग हे कसे तुटले?"

"ते तुम्ही सांगायचं."

त्यांनी एक तुकडा सिमेंटच्या फरशीवर ठेवला आणि पायाने लोटला. सरळ रॉड गडगडत जातो. हा गेला तो उड्या मारत, खडखड करत. दुसरा लोटला, तोही उड्या मारत गेला. भाऊजी एकेक लोटत होते आणि एकेक रॉड वाकड्या चालीने जात होता. टाळ्या पिटणारी गँग आता कुंपणावर ओणवून बघत होती. शेवटचा तुकडा स्टोअरकीपरच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला.

"वाकलेत," भाऊजी म्हणाले. "सगळे वाकलेत. ओढून तुटलेला रॉड सरळ राहतो. वाकतो तो दाबला गेलेला. म्हणजे यांना खालून कुणीतरी ठोकत होतं. प्रत्येक फेरीला." आणि मग तो खणखणीत आवाज एवढा बारीक झाला की मला पुढे सरकावं लागलं. "मीच टेकवून ठेवली होती ना ती विहीर."

भाऊजी तसेच चालत स्टोअरकीपरसमोर जाऊन उभे राहिले.

"माल चांगला होता. मी ठोकून ठोकून तोडले. चुकलो."

स्टोअरकीपरने चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. "तुम्ही दर वेळी तो तुकडा खिडकीत आपटायचात," तो म्हणाला, "आणि मला घास गिळायचा नाही. वाटायचं, खरंच माझा माल खराब असेल तर? कुणाच्या डोक्यात रॉड पडला तर? प्रत्येक रॉड द्यायच्या आधी मी दोनदा तपासत होतो हो, नुसत्या धास्तीने." भाऊजींनी त्याचा हात हातात घेतला. इतका घट्ट की तो किडकिडीत माणूस कळवळला, पण हात सोडवून घेतला नाही.

मग तो माझ्याकडे वळला आणि घाईघाईने म्हणाला, "सर, पास करा यांना. कारण अगदी बरोबर काढलंय. आणि कृपा करा, नापास करून माझ्याकडे पाठवू नका!"

मी पास लिहिलं.

संध्याकाळी भाऊजींबरोबर मीही घरी गेलो, ताईचा मार अर्धा अर्धा वाटून घ्यायला. भाऊजी सरळ आंघोळीला पळाले. ताईने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "पास केलंस ना? मेल्या! एवढं बजावून सांगितलं होतं!"

"ऐकून तर घे," म्हणून मी तिला सगळं सांगितलं. ढीग, वाकडे रॉड, खुर्ची, सगळं. ताई ऐकता ऐकता सोफ्यावर बसली.

"चुकलो म्हणाले? हे?"

"हो."

"मोठ्याने?"

"सगळ्या गँगसमोर."

"आणि मी तिथे नव्हते!" ताई कपाळावर हात मारून म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, आणि ते जुळतंय हे पाहून मला धडकी भरली. "थांब. म्हणजे रॉड आपोआप तुटत नव्हते. हेच तोडत होते. आणि तुटले की हेच जोडायला पळत होते?"

"तसंच म्हणायचं."

"तुझ्या लग्नाच्या पंगतीतून उठले ते?"

"तीच विहीर."

"पोरीचं नाटक?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात भाऊजी टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले आणि ताईला पाहून जागच्या जागी थांबले.

"अहो," ताई म्हणाली. ती ओरडेल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं, पण तिचा आवाज अगदी साधा होता. "तिथे काय म्हणालात, ते एकदा मला म्हणा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"चुकलो गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी गेलो नाही तर विहीर बंद पडेल. कळलंच नाही मला. किती वेळा उठून गेलो ना?"

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसत ती म्हणाली, "आता नाही ना टेकवणार?"

"नाही."

"म्हणजे आता या रविवारी फोन येणार नाही?"

"नाही यायचा." भाऊजी विचारात पडले. मग जी भीती मला परीक्षेतही दिसली नव्हती ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. "पण मग दिवसभर घरी मी करू काय?"

"बसायचं," ताई म्हणाली. "माझ्याशी बोलायचं."

भाऊजींनी ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तिच्या शेजारी येऊन बसले.